राजीनाम्यावर सही करण्याआधी एकदा डॉक्टरकडे या

पावसाळ्यानंतरची गोष्ट. औंढ्याहून एक जोडपं दवाखान्यात आलं. नवरा चव्वेचाळीस वर्षांचा, तळेगावच्या बाजूच्या एका कंपनीत मशीनवर कामाला. आषाढात त्याला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात आणि पाय गेला, बोलणं अडखळायला लागलं. दोन महिन्यांत पाय बराचसा सुधारला, पण हाताची बोटं काही नीट वळेनात. (ओळख पटू नये म्हणून इथे थोडे तपशील बदलले आहेत.)

त्या दिवशी ते रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आले होते. जाता जाता बायकोने पिशवीतून एक प्लास्टिकची फाईल काढली आणि विचारलं, "डॉक्टर, ह्यांना पेन्शन मिळंल का हो?"

मी फाईल उघडली. पहिलाच कागद राजीनाम्याचा होता. टाइप केलेल्या दोन ओळी: "घरगुती कारणास्तव मी नोकरीचा राजीनामा देत आहे." खाली डाव्या हाताने केलेली वाकडीतिकडी सही. दुसरा कागद पेन्शनचे पैसे एकरकमी काढून घेतल्याचा. तिसरा, चौथा आणि पाचवा कागद माझा स्वतःचा होता. माझ्या लेटरहेडवर तीन वेळा लिहिलेलं: "विश्रांतीची गरज आहे."

आजाराच्या, अपंगत्वाच्या कारणाने त्याला जन्मभर मिळू शकली असती अशी पेन्शन या पाच कागदांनी मिळून बंद केली होती. त्यातले तीन कागद माझे होते. म्हणून हा लेख.

आम्ही डॉक्टर लोक आजार समजावून सांगतो, गोळ्या समजावून सांगतो. पण आजारपणात नोकरी कशी सोडायची, किंवा कशी सोडायची नाही, हे कुणीच सांगत नाही. माझं स्पष्ट मत आहे की आजारपणात दिलेला राजीनामा हाही वैद्यकीय कागद आहे, आणि डॉक्टरला दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नये.

तुमच्या पगारातून काय कापलं जातं?

वीस किंवा जास्त कामगार असलेल्या बहुतेक आस्थापनांना भविष्य निर्वाह निधी, म्हणजे आपला पीएफ, लागू असतो. तुमच्या पगारातून (मूळ पगार आणि महागाई भत्ता) साधारण १२ टक्के कापले जातात आणि मालकही तेवढेच भरतो. पण मालकाचा सगळा हिस्सा पीएफमध्ये जात नाही. त्यातले ८.३३ टक्के कर्मचारी पेन्शन योजनेत जातात. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू आहे. पेन्शनसाठी सध्या जास्तीत जास्त १५,००० रुपये पगार धरला जातो. १ सप्टेंबर २०१४ नंतर जे पहिल्यांदाच १५,००० च्या वरच्या पगारावर लागले, त्यांचे पैसे पेन्शन योजनेत जात नाहीत. म्हणून आधी पासबुक उघडून पेन्शनच्या रकान्यात आकडे आहेत का ते बघा.

बहुतेकांना या योजनेचे दोन नियम ऐकून माहीत असतात. पहिला, दहा वर्षं नोकरी झाली की ५८ व्या वर्षी पेन्शन. दुसरा, पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितक्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के घट होते. पन्नासाव्या वर्षीच घेतली तर पाव हिश्श्याहून जास्त रक्कम कायमची कमी होते.

तिसरा नियम फार कमी लोकांना माहीत आहे. नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर पेन्शनसाठी दहा वर्षांची अट नाही, पन्नाशीची अट नाही आणि लवकर घेतली म्हणून कपातही नाही. पेन्शन योजनेत किमान एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. अपंगत्व आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ही पेन्शन लागू होते आणि हयातभर चालते. आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे अपंगत्व कामावरच्या अपघाताने आलेलं असलं पाहिजे, असंही नाही. घरी आलेला अर्धांगवायू, निकामी झालेली किडनी, रस्त्यावरचा अपघात, काहीही चालतं.

एक हिशेब करून बघू

पेन्शनचं गणित सोपं आहे. पेन्शनयोग्य पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. समजा पगार १५,००० धरला आणि नोकरी सात वर्षं झाली. १५,००० गुणिले ७ भागिले ७०, म्हणजे महिना १,५०० रुपये. फार नाहीत, मान्य. पण माणूस चव्वेचाळीस वर्षांचा आहे. वर्षाला १८,०००, तेही हयातभर. त्याच्या पश्चात पत्नीला पेन्शन आणि पंचवीस वर्षांच्या आतल्या दोन मुलांनाही काही रक्कम.

आता दुसरी बाजू. दहा वर्षांपेक्षा कमी नोकरी असेल तर फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे पैसे एकरकमी काढता येतात. सात वर्षांना साधारण सात महिन्यांच्या पगाराएवढे, म्हणजे एक लाखाच्या आसपास. आजारपणात घरात एक लाख रुपये येणं ही मोठी गोष्ट असते, मला कळतं. पण हे पैसे घेतले की पेन्शन योजनेतलं सदस्यत्व संपलं. त्यानंतर ना त्याला पेन्शन, ना मागे राहिलेल्या बायकोला.

सहा वर्षांत वसूल झाली असती एवढ्या रकमेसाठी जन्माचा हक्क सोडला गेला. औंढ्याच्या त्या घरात ते पैसे फिजिओथेरपी आणि मुलीच्या फीमध्ये चार महिन्यांत संपले. त्यांनी उधळपट्टी केली नाही. सही करण्याआधी कुणी सांगितलं नाही, एवढंच.

पण घाई उलट्या बाजूनेही नको

हे वाचून "मग मला लगेच अपंगत्वाचं सर्टिफिकेट द्या" म्हणून कुणी आलं, तर मी देणार नाही. कारण "कायमचं" हा शब्द फार मोठा आहे.

अर्धांगवायूनंतर सर्वात वेगाने सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, मग वेग कमी होतो, पण सहा महिन्यांपर्यंत आणि त्यानंतरही हळूहळू फरक पडत राहतो. सहाव्या आठवड्यात "आता हा हात गेला" असं कुणी सांगत असेल तर ते घाईचं आहे. हार्ट अटॅकनंतर अँजिओप्लास्टी झालेले बरेच लोक काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत कामावर परततात. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो आणि औषधं नीट घेतली तर त्यातले बहुतेक महिने माणूस काम करू शकतो. अशा आजारात नोकरी सोडणं म्हणजे सहा महिन्यांच्या दुखण्यासाठी जन्माची भाकरी घालवणं.

उलट सिलिकोसिससारखा धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार परत फिरत नाही. किडनी पूर्ण निकामी होऊन आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस लागत असेल आणि काम बारा तास उभं राहून वजन उचलण्याचं असेल, तर ते काम पुढे जमणार नाही हे लवकर कळतं.

त्यातही एक गोष्ट लक्षात घ्या. आजाराचं नाव सारखं असलं तरी अपंगत्व सारखं नसतं. तोच निकामी उजवा हात हिशेबनीसाला वेगळा आणि प्रेस मशीन चालवणाऱ्याला वेगळा. पेन्शन योजनेतही तपासणीचा मुद्दा तोच आहे: अपंगत्व आलं त्या वेळी तुम्ही जे काम करत होता, त्या कामासाठी तुम्ही कायमचे आणि पूर्णपणे असमर्थ झाला आहात का? म्हणून डॉक्टरला तुमचा आजार जितका माहीत हवा, तितकंच तुमचं काम माहीत हवं. मी त्या गृहस्थांना तीन वेळा तपासलं. मशीन कोणतं, वजन किती, पाळी किती तासांची, हे एकदाही विचारलं नव्हतं.

मग आजार आला तर कोणत्या क्रमाने चालायचं?

पहिलं पाऊल, राजीनामा नाही, रजेचा अर्ज. सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र, आणि अर्जाच्या प्रतीवर कंपनीची पोच. "साहेब म्हणाले, सही करा, बरे झालात की परत घेऊ" असं तोंडी आश्वासन मिळालं तर ते लेखी मागा. लेखी देत नसतील तर उत्तर तुम्हाला मिळालं.

दुसरं, ईएसआय. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयरोग, कर्करोग, अर्धांगवायू, किडनी निकामी होणं, गंभीर मानसिक आजार अशा ३४ दीर्घ आजारांच्या यादीत तुमचा आजार बसत असेल आणि नोकरीच्या नि वर्गणीच्या अटी पूर्ण असतील, तर ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. आपल्या भागातल्या लोकांना चिंचवडच्या मोहननगरचं ईएसआय रुग्णालय जवळ पडतं. बरं होण्यासाठी लागणारा वेळ हा असा विकत न घेता मिळतो. पण राजीनामा दिला की ही वाटही अरुंद होत जाते.

तिसरं, उपचाराचा खर्च. पीएफला हात लावण्याआधी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का ते बघा. यादीतल्या रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे.

चौथं, पीएफचा आगाऊ पैसा. नोकरी न सोडता पीएफमधून आजारासाठी रक्कम काढता येते. महिनाभर रुग्णालयात राहावं लागलं, मोठी शस्त्रक्रिया झाली, किंवा क्षयरोग, कुष्ठरोग, अर्धांगवायू, कर्करोग, मानसिक आजार, हृदयविकार यांपैकी काही असेल तर फॉर्म ३१ भरून. स्वतःसाठी तसंच घरच्यांच्या उपचारासाठीही. यासाठी ठरावीक वर्षांच्या नोकरीची अट नव्हती, आणि हे पैसे परत करायचे नसतात. वर्षानुवर्षं मर्यादा अशी होती की सहा महिन्यांचा पगार किंवा तुमचा स्वतःचा व्याजासह जमा हिस्सा, यांतलं जे कमी असेल ते. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याचे १३ नियम एकत्र करून तीन गटांत आणायचं ठरवलं, एक चतुर्थांश रक्कम खात्यात शिल्लक ठेवण्याचं ठरवलं आणि पेन्शनचे पैसे एकरकमी काढण्यासाठी थांबायचा काळ दोन महिन्यांवरून ३६ महिने करायचं ठरवलं. या शेवटच्या निर्णयावर बरीच टीका झाली. माझ्यापुरतं सांगतो: औंढ्याच्या त्या घराला दोन महिन्यांऐवजी छत्तीस महिने थांबावं लागलं असतं, तर कदाचित पेन्शन वाचली असती. अर्ज करायच्या दिवशी लागू असलेला नियम पीएफ कार्यालयात विचारून घ्या.

पाचवं, दुसरं काम. कंपनीत हलकं काम मागा, आणि लेखी मागा. सरकारी नोकरीत असाल तर हा तुमचा हक्कच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० नुसार सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं, आणि जागा नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावं लागतं. हीच तरतूद आधीच्या १९९५ च्या कायद्यातही होती. कुणाल सिंग नावाच्या जवानाचा पाय कापावा लागला आणि त्याला रुग्णता पेन्शन देऊन घरी पाठवण्यात आलं. त्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितलं की रुग्णता पेन्शन दिली म्हणून नोकरीचं हे संरक्षण जात नाही. एसटीत किंवा नगरपालिकेत असलेल्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना सेवा करणं अशक्यच झालं तर रुग्णता निवृत्तिवेतनाची वेगळी सोय आहे. खासगी कंपनीतल्या कामगाराला मात्र कलम २० चं हे कवच नाही.

एवढं सगळं करूनही काम जमणार नाही हे स्पष्ट झालं, तरच सहावं पाऊल: पेन्शनसाठी फॉर्म १०-डी. त्यात अपंगत्वाची पेन्शन मागितली आहे हे स्पष्ट लिहा. तुम्हाला वैद्यकीय तपासणीला बोलावलं जाईल. पीएफची पूर्ण रक्कमही फॉर्म १९ भरून आजाराच्या कारणाने काढता येते. पाच वर्षं पूर्ण होण्याआधी पीएफ काढला तर कर लागतो, पण नोकरी आजारपणामुळे सुटली असेल तर त्या कारणाने सूट आहे. ग्रॅच्युइटीचंही तसंच. एरवी पाच वर्षं लागतात, पण अपंगत्वामुळे नोकरी संपली तर ती अट लागत नाही.

आता वर जाऊन तो राजीनामा पुन्हा वाचा. "घरगुती कारणास्तव." पेन्शन, करसवलत, ग्रॅच्युइटी, तिन्ही ठिकाणी कारण आजार आहे हे दिसायला हवं होतं. दोन शब्दांनी तिन्ही दारं लावून घेतली.

प्रमाणपत्र कसं असावं?

"विश्रांतीची गरज आहे" हे वाक्य रजेसाठी ठीक आहे. पेन्शनसाठी ते कोरा कागद आहे. तुमच्या डॉक्टरकडून प्रमाणपत्र घेताना त्यात पाच गोष्टी आहेत का बघा: आजार कोणता आणि कोणत्या तारखेपासून, कोणत्या तपासण्यांनी तो सिद्ध झाला, आतापर्यंत काय उपचार झाले, तुम्ही नेमकं कोणतं काम करता आणि त्यातलं काय करता येत नाही, आणि सुधारणेची शक्यता किती. "उजव्या हाताची पकड नाही, दोन्ही हातांनी चालवायचं मशीन चालवता येत नाही, आठ महिने फिजिओथेरपी करूनही बदल नाही" हे वाचून तपासणाऱ्याला काहीतरी कळतं. माझ्या सहकारी डॉक्टरांनाही विनंती आहे, ही पाच मिनिटं द्या. मी ती तीन वेळा दिली नाहीत.

काय बदलायला हवं?

पहिलं म्हणजे सगळं किंवा काहीच नाही, हा न्याय. कायमचं आणि पूर्ण अपंगत्व असेल तर पेन्शन, नाहीतर शून्य. पण आजार असा कप्प्यात बसत नाही. दवाखान्यात मला रोज दिसणारा माणूस अर्धा असमर्थ असतो, आठ तास नाही पण चार तास काम करू शकणारा. त्याच्यासाठी या योजनेत काही नाही. अंशतः पेन्शनची सोय असती तर कित्येक लोक थोडं काम आणि थोडी पेन्शन यावर उभे राहिले असते.

दुसरं, रक्कम. किमान पेन्शन महिना १,००० रुपये सप्टेंबर २०१४ मध्ये ठरली. त्यानंतर औषधांचे भाव कुठल्या कुठे गेले. हजार रुपयांत रक्तदाब, मधुमेह आणि रक्त पातळ ठेवण्याची औषधं महिनाभर घेऊन दाखवावीत.

तिसरं, अंतर. अपंगत्वाच्या तपासणीसाठी औंढ्याच्या माणसाने औंधच्या जिल्हा रुग्णालयात जायचं, तिथून पुण्याच्या पीएफ कार्यालयात. ज्याला लोणावळा स्टेशनचा जिना चढता येत नाही, त्याने आपल्याला चालता येत नाही हे सिद्ध करायला लोकल पकडून जायचं. महिन्यातून एकदा ही तपासणी तालुक्याला, वडगावला झाली तर काय बिघडेल?

आणि चौथं, ज्यांचा पीएफच नाही ते. आपल्याकडे बंगल्यांवर, हॉटेलांत, लहान दुकानांत राबणारे किती तरी लोक या सगळ्या चर्चेच्या बाहेर आहेत. त्यांच्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज करायची संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, पण तिच्या उत्पन्नाच्या अटीत बसणारं घर आधीच मोडलेलं असतं.

शेवटी

त्या गृहस्थांना मी त्यांचे गेलेले हक्क परत देऊ शकलो नाही. पीएफची राहिलेली रक्कम आणि ग्रॅच्युइटीसाठी मी पुन्हा, या वेळी नीट, प्रमाणपत्र लिहून दिलं. ते अर्ज चालू आहेत.

पण दोन महिन्यांपूर्वी त्यांच्याच ओळखीतल्या एक बाई आल्या. पॅकिंगच्या कामाला, अकरा वर्षं नोकरी, आता डायलिसिसवर. सोबत कंपनीने दिलेला टाइप केलेला राजीनामा, सही न केलेला. म्हणाल्या, "वहिनींनी सांगितलं, आधी डॉक्टरला दाखव, मग सही कर." तो कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्या सध्या ईएसआयच्या रजेवर आहेत, पगाराची रक्कम खात्यात येते. किडनी प्रत्यारोपणासाठी भावाच्या तपासण्या चालू आहेत. ते जमलं तर कदाचित त्या कामावर परत जातील. नाही जमलं तर १०-डी आहेच, १५,००० च्या पगाराने महिना २,३५७ रुपये.

तुमच्या घरात कुणी दीर्घ आजारी असेल आणि नोकरीत असेल, तर पुढच्या वेळी येताना रिपोर्टसोबत तीन गोष्टी आणा: पीएफचं पासबुक, ईएसआय कार्ड आणि कंपनीने दिलेला प्रत्येक कागद. आणि तुम्ही रोज कामावर नेमकं काय करता ते मला सांगा. मी विचारायला विसरलो तर तुम्ही आठवण करा.